जुनी गाडी स्टार्ट घेत नाही : आधी कान, मग मीटर, पाना सगळ्यात शेवटी

‘गाडी स्टार्ट घेत नाही’ एवढंच मेकॅनिकला सांगितलं तर तो अंदाजच बांधणार. पहिल्या खेपेला प्लग बदलतो, दुसऱ्या खेपेला बॅटरी, तिसऱ्या खेपेला ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल. त्यातलं एखादं लागू पडतं आणि सगळ्यांना वाटतं, निदान झालं. जुन्या गाडीत हा प्रकार जास्त चालतो, कारण तिच्यात बदलण्याजोगं काही ना काही नेहमी सापडतंच. प्लग खरोखरच झिजलेला असतो. पण तो झिजलाय म्हणजे गाडी त्याच्यामुळेच अडून बसलीय असं नाही.

इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी जमून याव्या लागतात. ते पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवेत इंधन योग्य प्रमाणात मिसळलं पाहिजे, ठिणगी जोरकस आणि वेळेवर पडली पाहिजे, आणि सिलिंडरने दाब धरला पाहिजे. डिझेलला ठिणगी नसते. तिचं काम दाबाने तापलेली हवा करते. नव्या गाडीत या चारही बाबतींत भरपूर शिल्लक असते. जुनीत ती सगळीकडून थोडी थोडी खर्च झालेली असते. बॅटरी जराशी उतरलेली, प्लगचा गॅप जरासा वाढलेला, चोक पूर्ण न लागणारा, एखादा सिलिंडर दाबात कमी. यातला एकटा कुणी गाडी अडवत नाही, पण थंडीच्या सकाळी सगळे एकदम हिशेब मागतात. म्हणून ‘काल तर पहिल्या सेल्फला घेतली होती’ या बोलण्याला फारसा अर्थ नसतो, आणि एक पार्ट बदलून गाडी थोडी सुधारली तरी मूळ दोष गेला असं समजू नये.

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे प्रश्न. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर त्रास देते, की चार-पाच दिवस उभी राहिल्यावरच? थंड असताना, की लांबून चालवून आणून अर्धा तास उभी केल्यावर? पावसात किंवा धुतल्यावर? धक्का मारला की लगेच घेते का? चालू झाल्यावर पहिली दोन मिनिटं मिसिंग मारते का? धूर कोणत्या रंगाचा, वास कशाचा? याची उत्तरं नीट मिळाली तर बॉनेट उघडायच्या आधीच निम्मे संशयित बाजूला पडतात. थंडीत त्रास आणि तापल्यावर त्रास यांची कारणं तर बहुतेक वेळा अगदी उलटी असतात. एकीकडे पेट्रोल कमी पडतं, दुसरीकडे जास्त होतं.

सेल्फचा आवाज

चावी फिरवल्यावर काहीच होत नाही, एकच ‘टक’ येतो, ‘टकटकटकटक’ अशी रांग लागते, इंजिन आळसावून फिरतं, की छान फिरतं पण पेटत नाही? ही पाच वेगळी दुखणी आहेत. टकटकीची रांग म्हणजे सोलेनॉइड (बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, पण मोटरने करंट मागताच व्होल्टेज कोसळतंय आणि सोलेनॉइड सुटतोय. तिथे बॅटरी किंवा टर्मिनल बघायचं. एकच जोरदार टक येऊन पुढे शांतता असेल आणि हेडलाइट तेवढेच प्रखर राहिले, तर करंट मोटरपर्यंत जातच नाहीये: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपले असतील. त्याच टक बरोबर लाइट एकदम मिणमिणले, तर करंट जातोय पण मोटर अडकलीय, नाहीतर बॅटरीत जीव नाही. मोटर भन्नाट फिरल्याचा आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा सेल्फचा पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दात्यांत बसत नाहीये. या निदानासाठी एकही हत्यार लागलेलं नाही.

इंजिन मंद फिरत असेल तर पुढचं इंधन-ठिणगीचं सगळं तिथेच थांबवायचं. आधी फिरणं दुरुस्त करायचं. त्यात बरेच जण बॅटरी बदलतात, गाडी महिनाभर बरी चालते आणि मग ये रे माझ्या मागल्या.

मिलिओहमचा खेळ

माझ्या मते जुन्या गाडीच्या स्टार्टिंगची सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते मोजणं. ती जरा सविस्तर सांगतो.

पेट्रोल कारचा सेल्फ फिरताना साधारण १०० ते २०० अँपिअर करंट ओढतो. आता समजा बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून ०.०१ ओहम एवढा अडथळा तयार झालाय. आकडा नगण्य दिसतो. पण १५० अँपिअरला त्याच्यावर दीड व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टची बॅटरी सेल्फच्या भाराखाली आधीच साडेदहा-अकरापर्यंत उतरलेली असते, त्यातून दीड गेला की मोटरच्या हाती उरतात नऊ. असे दोन सांधे खराब असतील तर गाडी रडत रडत फिरणारच. आणि गंमत म्हणजे मल्टिमीटर ओहमवर लावून हीच केबल तपासली तर ‘ठीक आहे’ असंच दिसतं. आतल्या तारा तुटून चार-दोन उरल्या असल्या तरी मीटरच्या इवल्याशा करंटला तेवढ्या पुरतात. अडथळा पकडायचा तर खरा करंट वाहत असतानाच मोजावं लागतं.

पद्धत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन फक्त फिरावं, सुरू होऊ नये म्हणून पॉइंटच्या गाडीत (जिथे कॉइलचा करंट यांत्रिक स्विच जोडतो-तोडतो) कॉइलची बारीक वायर काढायची. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज काढून लाइनमधलं उरलेलं पेट्रोल आधी संपवायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. सुरुवातीला नुसती बॅटरी: रात्रभर निवांत राहिलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच चार्ज केली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करायचे, नाहीतर वरवरचं चार्ज फसवतं. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं आणि बघायचं, ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी चार्ज असूनही ती आठवर आली तर एक तर बॅटरी गेलेली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय.

बॅटरी पास झाली की लाल पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर टेकवायची. खुंटीवर, तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही. निम्मे दोष नेमके या दोघांच्या मध्येच असतात. काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते. आता मीटर शून्य दाखवेल. तीन-चार सेकंद सेल्फ मारा. ०.५ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज वाटेतच जळतंय. मग तीच कसरत मायनसच्या बाजूला: एक पिन मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. इथे ०.२ ते ०.३ च्या वर नको. आकडा जास्त आला की वाट तुकड्यातुकड्याने मोजायची: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं दुसरं टोक, तिथून चासी (गाडीचा सांगाडा), चासीवरून इंजिन. ज्या तुकड्यावर व्होल्ट सापडतील तो दोषी. खुंटी आणि क्लॅम्पमध्येच ०.४ निघाले तर एक पॉलिश पेपर आणि पाच मिनिटांचं काम, नवी बॅटरी नाही.

जुन्या गाडीत प्लसपेक्षा अर्थिंग, म्हणजे मायनसची वाट, जास्त वेळा खराब सापडतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीपासून तुटलेलं असतं. त्याला चासीशी जोडणारी एक विणलेली पट्टी असते, ती गिअरबॉक्सच्या आसपास चिखलात कुजते, किंवा कधीतरी इंजिन उतरवल्यावर परत बसवायची राहून जाते. मग सेल्फचा करंट मिळेल ती वाट धरतो, अगदी क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल किंवा तिचं आवरण वितळलेलं दिसत असेल, तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबावं. मोटर लगेच जळत नाही, पण आतली वाइंडिंग दरवेळी थोडी भाजून निघते.

चावी सोडताना काय होतं?

आता इंजिन झकास फिरतंय पण पेटत नाही, असं धरू. इथे दोन लक्षणं सारखी भासतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

पहिलं: सेल्फ मारत असेपर्यंत काही नाही, आणि कंटाळून चावी सोडली की त्याच क्षणी इंजिन धरतं. सेल्फने व्होल्टेज इतकं खाली ओढलं होतं की कॉइलला ठिणगी पाडता येत नव्हती. चावी सोडताच व्होल्टेज वर आलं, इंजिन अजून थोडं फिरत होतं, तेवढ्यात ठिणगी पडली. सेल्फ मारून न घेणारी गाडी धक्क्याला लगेच घेते ती बऱ्याचदा याच कारणाने. अशा गाडीचा कार्बोरेटर खोलून बसणं व्यर्थ आहे. मागे जाऊन बॅटरी आणि केबल बघायच्या. (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली गाडी धक्क्याने फार वेळ रेटू नये, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन कन्व्हर्टर खराब करतं.)

दुसरं नेमकं उलटं: सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडली की पटकन मरतं. पॉइंटच्या बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ चालू असताना त्याला वळसा घालून कॉइलला थेट बॅटरीचं व्होल्टेज मिळतं, आणि चावी सोडली की करंट या रेझिस्टरमधून जातो. तो तुटला असेल तर चावी सोडताच ठिणगी बंद. छोट्याशा चिनी मातीच्या तुकड्यापायी अख्खं इंजिन संशयात येतं. उलट वळसा घालणारी वायरच तुटली असेल तर पहिलं लक्षण दिसतं. म्हणून या दोन लक्षणांत गल्लत करायची नाही.

ठिणगी की पेट्रोल?

पाच-सहा वेळा सेल्फ मारून झाल्यावर लगेच एक प्लग काढून बघायचा. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल पोचतंय. एक तर ठिणगी नाही, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त होऊन प्लग बुडालाय. खडखडीत कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीये. काळी, कोरडी, मखमली काजळी म्हणजे मिश्रण बरेच दिवस जड आहे, त्यात पेट्रोल जास्त आहे. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढतंय, आणि तो प्रश्न नुसता प्लग पुसून सुटणारा नाही.

ठिणगी बघताना वायर हातात धरून बॉडीजवळ न्यायची जुनी सवय सोडलेली बरी. तिथे वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये उघडी सोडलेली वायर मॉड्यूल मारू शकते. स्पार्क टेस्टर मिळतो, तो प्लगच्या जागी जोडून अर्थला चिमटा लावायचा, प्लगच्या उघड्या भोकांपासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ठिणगी निळी-पांढरी आणि चटचट आवाज करणारी हवी. पिवळट, केविलवाणी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरच्या दाबाखाली ती उडी मारेलच असं नाही.

पॉइंटच्या गाडीत ठिणगी अशक्त असेल तर कॉइलच्या आधी पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटची टोकं जळू न देणारा) बघायचा. पॉइंटचा गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. घासणारा ठोकळा झिजला की तो मिटत जातो आणि टायमिंगही मागे सरकतं. पॉइंटची टोकं निळी-काळी जळालेली आणि खड्डे पडलेले दिसले तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. गाडी फक्त पावसात किंवा धुतल्यावर अडत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) कॅप उलटं करून उजेडात धरा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती करंटने जाळून केलेली पायवाट आहे, आणि ती पुसून जात नाही, कॅप बदलायचं. वायरींसाठी अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून थोडं पाणी फवारायचं. गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात.

थंडीतला त्रास

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. तापलेल्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ असलं की काम भागतं. थंड इंजिनात मात्र बरंचसं पेट्रोल, थंड काचेवर वाफ धरते तसं, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींना चिकटून राहतं. सिलिंडरपर्यंत पुरेशी वाफ पोचायची तर काही पटींनी जास्त पेट्रोल ओतावं लागतं, आणि चोक तेच करतो.

कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढा आणि इंजिन बंद असताना वरून आत बघा. चोक ओढल्यावर पाकळी पूर्ण मिटते का? केबल सैल झाल्याने ती पाऊण मिटते आणि चालवणाऱ्याला वाटतं चोक लागलाय. मग हाताने थ्रॉटल एकदम उघडा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी त्याच क्षणी उडाली पाहिजे. उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे आणि ॲक्सिलरेटर पंपही शाबूत आहे. नाही उडाली तर दहा सेकंद सेल्फ मारून पुन्हा बघा. आता उडत असेल तर चेंबर रिकामं होतं, आणि ‘दोन दिवस उभी राहिली की घेत नाही, मग पाच-सहा सेल्फनंतर घेते’ या तक्रारीचा उलगडा तिथेच होतो. उभ्या गाडीच्या चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं, हे काही अंशी स्वाभाविक आहे. पण एका रात्रीनंतरही ते भरायला इतके सेल्फ लागत असतील तर पंपाचे झडपे पेट्रोल टाकीकडे परत सोडताहेत, किंवा टाकी ते पंप या मधल्या रबरी नळीला चीर आहे. ही नळी ओढणाऱ्या बाजूची असल्याने बरेचदा चिरेतून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून कोरडी दिसते, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही.

इंजेक्शनच्या जुन्या गाडीत चोकचं काम कॉम्प्युटर करतो, तेही कूलंट सेन्सरच्या सांगण्यावरून. सेन्सरने थंड इंजिनाला गरम म्हटलं तर जादा पेट्रोल मिळत नाही. इथे एक खाचखळगा आहे: बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो, त्यामुळे काटा बरोबर दाखवतोय म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही. कॉम्प्युटरच्या सेन्सरचा रोध थंड असताना साधारण दोन-तीन हजार ओहम आणि इंजिन तापल्यावर काही शे ओहम असतो. कनेक्टर काढून दोन्ही वेळा मोजता येतो. याच गाड्यांत आणखी एक युक्ती चालते. चावी ‘ऑन’वर नेऊन दोन सेकंद थांबा, मागून पंपाची घूं ऐकू येते का बघा, चावी बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच घेतली तर उभ्या गाडीत लाइनमधला दाब उतरतोय: पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर, किंवा टपकणारा इंजेक्टर. टपकणाऱ्या इंजेक्टरचा प्लग ओला आणि पहिला धूर काळा असतो, त्यावरून तो ओळखू येतो.

तापल्यावरचा त्रास

हे दुखणं माणसाला जास्त छळतं, कारण मेकॅनिक येईपर्यंत गाडी थंड होते आणि पहिल्या सेल्फला सुरू होते. वेळेचा नमुना लक्षात ठेवा: बंद करून पाच मिनिटांत सुरू केली तर ठीक, वीस ते चाळीस मिनिटांनी त्रास, तीन तासांनी परत ठीक. इंजिन बंद झाल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, आणि ब्लॉकमधली उष्णता वर चढून काही वेळ बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. त्या अर्ध्या तासात तीन गोष्टी बिघडू शकतात.

कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. वास येतो, प्लग ओला असतो. उपाय तात्पुरता आणि सोपा: चोक न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा, भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. असं घेतली तर फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्ह, आणि कार्बोरेटरखालचा जाड उष्णतारोधक ठोकळा बघायचा. तो ठोकळा कधीकाळी तुटला म्हणून त्याऐवजी नुसतं पातळ पॅकिंग लावलेली गाडी सापडणं मुळीच दुर्मीळ नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफेवर नुसता हापसत राहतो. प्लग कोरडा. पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं टाकून दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर तेच.

तिसरी, ठिणगी जाणं. कॉइल, कंडेन्सर, इग्निशन मॉड्यूल आणि क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं टिपणारा), चौघांनाही तापल्यावर तुटायची आणि थंड झाल्यावर जुळायची सवय असते. ज्या गाडीत आरपीएमचा काटा इग्निशनच्या सिग्नलवर चालतो तिथे सेल्फ मारताना काट्याकडे बघा. जराही हलत नसेल तर सिग्नलच येत नाहीये.

तापल्यावर सेल्फच जड फिरत असेल तर प्रकरण वेगळं. एक्झॉस्टला खेटून बसलेल्या सेल्फची तांब्याची वाइंडिंग साठ अंशांनी तापली की तिचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो. पण त्याच्या नावाने बिल फाडायच्या आधी एक करा: कॉइलची बारीक वायर काढून सेल्फ मारा. इंजिन आता एकदम हलकं फिरलं तर सेल्फचा काही दोष नाही. टायमिंग फार पुढे आहे, आणि ठिणगी पिस्टन वर येण्याआधीच पडून त्याला उलटा ढकलतेय.

डिझेल

डिझेलचं बरंचसं निदान एक्झॉस्टच्या नळीपाशी उभं राहून होतं. सेल्फ मारताना धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही: इंजिन बंद करायला डिझेल अडवणारा सोलेनॉइड, चोंदलेला फिल्टर, किंवा लाइनने एअर घेतलेली. पांढरा धूर निघतोय आणि इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोचतंय पण हवा पुरेशी तापत नाही: हीटर प्लग (थंड सिलिंडर विजेने तापवणारा), मंद सेल्फ, किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन. हीटर प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा खाली असतो. वायर काढून मोजायचा, मीटर अनंत दाखवत असेल तर तो प्लग मेला. चारातला एक गेला तर गाडी चालू होऊन मिनिटभर खडखडते. तीन गेले तर सकाळी घेतच नाही. एअर शोधायला फिल्टर ते पंप यामध्ये थोडी पारदर्शक नळी घालून बुडबुडे बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. आणि हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या हीटरवर तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड काहीही तुटू शकतं.

दाब

कॉम्प्रेशन शेवटी बघतात, पण कानाने ते आधीच बघता येतं. सेल्फ मारताना इंजिनाची लय एकसारखी असते. दर चौथ्या ठोक्याला ती घसरल्यासारखी पटकन पुढे जात असेल तर एक सिलिंडर दाब धरत नाहीये. गेजने मोजताना इंजिन कोमट, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १७५ पीएसआय दिसतं, पण मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. १०-१५ टक्क्यांच्या वर नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड उतरवायच्या आधी मात्र टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली फट) तपासा. ते घट्ट झाले असतील तर व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो, आणि इंजिन ‘कामाला आलं’ असं ऐकवलं गेलेली गाडी एका फीलर गेजने परत पहिल्या सेल्फला घेते.

आणि सगळं तपासून झालं, सगळं ठीक निघालं, तरी गाडी तीन दिवस उभी राहिली की मंद फिरतेच, तर रात्री बॅटरीवर कोण जेवतंय ते शोधायचं. गाडी बंद, दारं लावलेली, मायनस केबल काढून मधे मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर. या जोडणीत चुकूनही सेल्फ मारायचा नाही. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक आहे. ५०० दिसले तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४० अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांच्या आत निम्म्यावर. एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडेल त्या सर्किटवर डिकीतला दिवा, नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा चिकटलेला रिले सापडेल. एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सुटी करून बघा, तिचं टोक कुठेही टेकू न देता. खराब डायोडमधून बॅटरी गुपचूप रिकामी होत असते, आणि त्या वायरवर बहुतेक गाड्यांत साधा फ्यूज नसतोच.